साम्राज्य, युद्ध आणि उद्योग : वसईच्या समाजाची घडण

एखाद्या प्रदेशाचा अर्वाचीन समाज कसा घडला याचा विचार करताना साम्राज्य, युद्ध आणि उद्योग ही तीन कारणे बहुधा एका दमात सांगितली जातात. आधुनिक स्कॉटलंडच्या इतिहासलेखनात तर हे त्रिकूट रूढच झाले आहे. १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर स्कॉटिश व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना साम्राज्याची दारे उघडली. १७४६ च्या कलोडनच्या लढाईने डोंगराळ मुलखातील कुलप्रमुखांची लष्करी सत्ता मोडली. पुढे क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीने आणि बंगालच्या तागावर चालणाऱ्या डंडीच्या गिरण्यांनी शहरांचे रूप पालटले. परंतु तिन्ही कारणे अशी एका पंक्तीस बसविली म्हणजे त्यांचे कार्य एकाच जातीचे होते असा समज होऊ लागतो. तो बरोबर नाही. गेलिक भाषेच्या ओहोटीचा विचार केला, तर रणांगणावरील पराभवाइतकाच, किंबहुना त्याहून खोल आघात पुढील शतकात झाला. तो म्हणजे मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना उठवून गावेच्या गावे रिकामी करण्यात आली हा होय. सत्ता बदलणे ही एक गोष्ट आणि वस्ती उठणे ही दुसरी.

हा भेद स्पष्टपणे पाहावयाचा असेल तर महाराष्ट्रातील अभ्यासकाला फार दूर जाण्याचे कारण नाही. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा टापू हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. येथे दोन युरोपीय साम्राज्ये आली आणि गेली. मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठी मोहीम येथे लढली गेली. आणि मुंबईच्या औद्योगिक विस्ताराची लाट येथवर येऊन पोहोचली. या तिन्हींनी समाजावर ठसे उमटविले; परंतु त्या ठशांची खोली सारखी नाही. साम्राज्याने धर्म आणि नावे बदलली; युद्धाने सत्ताधारी वर्ग बदलला; उद्योगाने मात्र वस्तीची रचनाच बदलली. या तिसऱ्या फरकाचे महत्त्व सर्वांत अधिक का, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. आणि त्यासाठी मुख्य पुरावा म्हणून येथील बोलींचा उपयोग केला आहे.

पोर्तुगीज साम्राज्याचा ठसा

वसईचा टापू पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीही जगापासून अलग नव्हता. शेजारचे सोपारा हे प्राचीन काळचे नामांकित बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तथापि, आजच्या समाजाच्या दृष्टीने निर्णायक तारीख २३ डिसेंबर १५३४ ही होय. हुमायूनच्या आक्रमणाच्या दडपणाखाली असलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने त्या दिवशी वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना देण्याचा तह केला. पुढची दोनशेहून अधिक वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती.

या काळातील समाजरचना जमिनीच्या व्यवस्थेवर उभी होती. गावे पोर्तुगीज सरदारांना ठरावीक वार्षिक खंडावर दिली जात. त्या खंडाला ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ हे नाव त्याच शब्दापासून आले आहे, आणि मुंबईच्या जमीनव्यवहारात दीर्घकाळ टिकलेला ‘फजंदार’ हा शब्द पोर्तुगीज ‘फाझेंदा’शी संबंधित आहे. किल्ल्याच्या तटाआत सरदार, व्यापारी, पाद्री आणि त्यांचे गुलाम राहत. तटाबाहेर बागायती करणारे, मीठ पिकविणारे, ताडी काढणारे आणि मासेमारी करणारे लोक राहत. जमिनीचा धनी बदलला. परंतु जमीन कसणारा आणि त्याची आळी बहुतांशी तीच राहिली.

धर्मांतराचा परिणाम या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट मिशनऱ्यांच्या कार्यामुळे शेतकऱ्यांचा आणि कोळ्यांचा मोठा भाग ख्रिस्ती झाला. लोपीस, परेरा, डिमेलो, घोन्साल्विस, तुस्कानो, मच्याडो अशी आडनावे आली. नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश या नावाने उभारलेल्या चर्चमुळे ‘रमेदी’ आणि मर्सेस माउलीच्या चर्चमुळे ‘मर्सेस’ ही स्थळनामे रूढ झाली. उलट दिशेने ‘वसई’चे पोर्तुगीज लेखनात ‘बासाईं’ आणि त्यावरून इंग्रजीत ‘बासीन’ झाले. साम्राज्याचा विस्तार एखाद्या वसईकराला कोठवर नेऊ शके याचे उदाहरण गोन्सालो गार्सिया यांचे आहे. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेला हा पुरुष व्यापाराच्या निमित्ताने पूर्वेकडे गेला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले.

येथे भाषाशास्त्रज्ञाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी की धर्म बदलला, तरी घरची बोली बदलली नाही. वसईच्या उत्तर पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, उमराळे, नंदाखाल अशा गावांतून सामवेदी अथवा कादोडी ही बोली बोलली जाते. आणि ती बोलणाऱ्यांत सामवेदी ब्राह्मणही आहेत आणि कुपारी ख्रिस्तीही आहेत. वाडवळीचेही तसेच, ती हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही वाडवळ घरांतून ऐकू येते. ‘स’च्या जागी ‘ह’ येण्याची, गुजरातीच्या काही बोलींशी जुळणारी प्रवृत्ती या दोन्ही धर्मगटांच्या बोलण्यात सारखीच आढळते. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ म्हणजे धर्मपिता यावरून आला अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ग्राह्य धरली तर स्थिती मोठी बोधक ठरते : समाजाचे नाव परके, बोली मात्र शेजाऱ्याची. विवाहाच्या आदल्या दिवसाचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी ख्रिस्ती घरांत टिकून राहिला, हेही त्याच जातीचे लक्षण आहे.

पोर्तुगीजने मराठीच्या शब्दसंग्रहात घातलेली भर सर्वपरिचित आहे. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, बिजागरी, इस्त्री, फीत, घमेले, पिंप, बादली, काडतूस, लिलाव, पगार, नाताळ, पाद्री हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. त्यांतील सर्वच वसईमार्गे आले असे नव्हे. गोवा, चौल, दमण अशा अनेक वाटांनी ते आले. परंतु ही यादी नीट पाहिली तर तीत वस्तू आहेत, धर्माचे शब्द आहेत आणि चाकरीचे शब्द आहेत. क्रियापदे, सर्वनामे किंवा प्रत्यय नाहीत. साम्राज्याने बोलीच्या घरात नवे सामान आणले. घराचे वासे मात्र बदलले नाहीत.

मराठ्यांची मोहीम आणि तिचे परिणाम

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. वसईच्या किल्ल्याचा निर्णायक वेढा फेब्रुवारी १७३९ पासून मे महिन्यापर्यंत चालला. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली सुरुंग लावून तट फोडण्यात आला. दोन्ही पक्षांची प्राणहानी मोठी झाली. आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मोकळीक मिळाली. या विजयाची चिन्हे महाराष्ट्रभर विखुरली. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, वाईजवळचे मेणवली आणि भीमाशंकर येथील घंटा वसईच्या मोहिमेतून आल्या असे मानले जाते. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या नवसाशी जोडलेले आहे.

युद्धाने समाजात काय बदलले याचे उत्तर, कोण गेले आणि कोण राहिले या प्रश्नात आहे. गेले ते सरदार, किल्ल्यातील व्यापारी आणि बहुसंख्य युरोपीय पाद्री. राहिले ते बागायतदार, आगरी, भंडारी आणि कोळी; त्यांत ख्रिस्तीही आले. जमिनीवरील वरचा वर्ग एका उन्हाळ्यात नाहीसा झाला आणि त्याची जागा सरसुभेदार, कमाविसदार, इनामदार यांनी घेतली. राज्यकारभाराचे शब्द त्याबरोबर बदलले. फारसी-अरबी वळणाची मराठी दफ्तरी परिभाषा येथे प्रस्थापित झाली. नव्या देवस्थानांची स्थापना झाली, जुन्यांचा जीर्णोद्धार झाला. निर्मळ येथे कार्तिक वद्य एकादशीला भरणारी जत्रा ही आजही सर्व धर्मांच्या लोकांची जत्रा आहे.

मोहिमेचे हे सर्व परिणाम मोठे खरे. परंतु ते समाजाच्या वरच्या थरातले होते. राज्यकर्त्यांची पोर्तुगीज भाषा गेली, तरी कादोडी किंवा वाडवळी यांना धक्का बसला नाही, कारण त्या बोलणारे आपापल्या आळीतच राहिले. या विधानाला एक चांगला ताळा मिळतो. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावी पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली. तरीही तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मूळ असलेली एक मिश्र भाषा अद्याप बोलली जाते. सत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे सत्ताधाऱ्यांच्या भाषेचा हा अवशेष टिकला, तो राजाश्रयामुळे नव्हे. वस्ती एकसंध राहिली आणि विवाहसंबंध आतल्या आत होत राहिले म्हणून. याउलट मुंबई, साष्टी आणि वसईच्या परिसरात अशीच एक मिश्र भाषा होती. तिचे वर्णन मोन्सिन्योर सेबास्तियाव रुडॉल्फ दाल्गादो यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले. ती पुढे लोपली. राज्य टिकल्याने भाषा टिकत नाही आणि राज्य बुडाल्याने ती बुडत नाही. तिचे नशीब वस्तीशी बांधलेले असते.

इंग्रजी अंमल आणि एका नावाची कथा

दुसऱ्या साम्राज्याचा प्रवेश अधिक गुंतागुंतीचा आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने वसई जिंकली. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती पेशव्यांकडे परत आली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यानंतर दुसरे बाजीराव वसईस आले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. मराठी राज्याच्या इतिहासात ‘वसईचा तह’ हे शब्द ज्या अर्थाने उच्चारले जातात तो अर्थ येथील बागायतदाराच्या दैनंदिन जीवनात लगेच उतरला नाही. त्यातून उद्भवलेले युद्ध दूरवर लढले गेले. वसई मात्र १८१८ पर्यंत नाममात्र पेशव्यांकडे राहून नंतर कंपनीच्या राज्यात आली.

या कालक्रमाचा एक सामाजिक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. खाडीच्या दक्षिणेची साष्टी वसईपेक्षा सुमारे चार दशके आधी इंग्रजांकडे गेली आणि मुंबईच्या नोकरीच्या बाजारपेठेशी लवकर जोडली गेली. त्या बाजारपेठेत गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्तीही येऊ लागले. इंग्रज अधिकारी या सर्वांनाच ‘पोर्तुगीज’ म्हणत असल्याने मूळच्या रहिवाशांना आपले वेगळेपण दाखविणे आवश्यक वाटले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ साली, त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि कंपनीशी जुने नाते सुचविणारे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. मुंबई व साष्टीत हे नाव पक्के झाले. वसईत मात्र कुपारी, वाडवळ, कोळी ही जुनी ओळख अधिक बलवत्तर राहिली. खाडीच्या दोन तीरांवरील हा फरक इंग्रजी अंमलाच्या आणि मुंबईशी असलेल्या संबंधाच्या कमीअधिक दीर्घतेने बराचसा उलगडतो.

नावांबाबतची हीच गुंतागुंत भाषिक पाहणीतही उमटली. ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात कोकणपट्टीतील मराठीच्या पोटबोलींत कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी यांच्याबरोबरच ‘किरिस्ताव’ अशीही एक नोंद आहे. जातीवरून बोलीचे नाव द्यावयाचे की धर्मावरून, हा प्रश्न त्या खंडात अनिर्णित राहिला. वास्तविक बोली धर्माच्या सीमेवर थांबत नव्हती. ती गावाच्या शिवेवर थांबत होती.

उद्योगाची पहिली अवस्था : लोहमार्ग आणि बागायत

उद्योग वसईत प्रथम आला तो कारखान्याच्या रूपाने नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर काढण्याचा प्रयोग झाला. तो तगला नाही. तगली ती मुंबईची मागणी. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि त्यानंतर त्या शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढत गेली. नोव्हेंबर १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईच्या खाडीवरून मुंबईस पोहोचला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. १९३६ साली विरारपर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्या.

लोहमार्गाने वसईचा शेतकरी गिरणीत गेला नाही. त्याची पिके मुंबईस गेली. केळी, विड्याची पाने, भाजी, फुले आणि दूध पहाटेच्या गाडीने शहरात पोहोचू लागले. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी हे वसईचे खास उत्पन्न ठरले. विहिरीवरचे रहाट, पावसाचे पाणी साठवून भूजल राखणारी बावखले, आंबे-माडांच्या सावलीतील वाड्या आणि खाडीकाठची मिठागरे मिळून एक स्वयंपूर्ण व्यवस्था तयार झाली. उद्योगाच्या या पहिल्या अवस्थेने जुनी वस्ती मोडली नाही, उलट बळकट केली. जमिनीत पैसा येऊ लागल्याने जमीन सोडण्याचे कारण उरले नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने अनेक कुळे जमिनीची मालक झाली, तेव्हा ही प्रक्रिया कायद्यानेही पुरी झाली. पोर्तुगीज खंडापासून सुरू झालेली साखळी येथे तुटली आणि कसणारा स्वतः धनी झाला.

याच काळात शिक्षणाचा प्रसार झाला. वसईच्या ख्रिस्ती समाजाने धर्मव्यवहारासाठी आणि लेखनासाठी मराठी जवळ केली, ही घटना भाषेच्या इतिहासात महत्त्वाची आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवाद केला आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. घरी बोली आणि लेखनात प्रमाण मराठी अशी वाटणी यातून स्थिर झाली. जोपर्यंत घर, आळी आणि वाडी बोलीकडे होती तोपर्यंत या वाटणीने बोलीचे नुकसान झाले नाही.

उद्योगाची दुसरी अवस्था : वस्तीचे रूपांतर

दुसरी अवस्था स्वातंत्र्योत्तर काळातील, आणि तिचे स्वरूप पहिलीच्या अगदी उलट आहे. मुंबईत जागा उरली नाही तसे छोटे कारखाने लोहमार्गाच्या पूर्वेस नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूस आणि महामार्गाच्या कडेने उभे राहू लागले. त्यांहून वेगाने आली ती घरांची मागणी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरार पट्ट्यातील हरित क्षेत्राचा मोठा भाग नागरी वापरासाठी खुला करण्यात आला आणि १९९० साली सिडकोकडे नियोजनाचे अधिकार सोपविण्यात आले. याविरुद्ध १९८९ च्या सुमारास दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. पाण्याचा उपसा, झाडांची तोड आणि बळजबरीचे जमीनव्यवहार हे तिच्या आंदोलनाचे विषय होते. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिमेकडील काही गावांनी तीत राहावे की नाही हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली.

महानगरपालिकेविरुद्धच्या गावांच्या विरोधाकडे केवळ करवाढीची तक्रार म्हणून पाहणे अपुरे आहे. गाव हे स्वतंत्र एकक म्हणून राहावे, ही मागणी म्हणजे वस्तीची सलगता राखण्याची मागणी होय. साम्राज्याने गावाचा धनी बदलला होता, युद्धाने किल्ल्याचा. परंतु गावाची शीव पुसण्याचे काम प्रथमच होत होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाशी तुलना केली तर येथे एक महत्त्वाचा फरकही दिसतो. तेथे कुळांना धन्याने उठविले. येथे १९५७ नंतर पूर्वीचे कूळच पुष्कळदा धनी होते, आणि विक्रीच्या कागदावर सही त्याचीच होती. कधी दडपणाखाली, तर पुष्कळदा मुलांच्या शिक्षणासाठी, आजारासाठी किंवा चांगल्या राहणीसाठी. म्हणून या बदलाचा दोष एका पक्षाच्या माथी मारून विषय संपत नाही.

बोलींचा पुरावा

बोली तीन आधारांवर उभी असते : शेजार, विवाह आणि सामाईक काम. वाडीतील कामाचे शब्द वाडीत शिकले जातात. रहाटाच्या भागांची नावे, पानवेल बांधण्याच्या क्रिया, मिठागरातील कोंड्यांचे व पाण्याच्या पायऱ्यांचे शब्द, जाळ्यांचे आणि वाऱ्यांचे शब्द यांना प्रमाण मराठीत प्रतिशब्द नसतो. काम थांबले की ते शब्द एका पिढीत नाहीसे होतात. पहिला आधार असा जातो. त्यानंतर शेजार जातो : जेथे एका आळीतील सर्व घरे एकच बोली बोलत, तेथे इमारतीच्या एका मजल्यावर गुजराती, हिंदी, भोजपुरी, मलयाळम आणि निरनिराळ्या प्रांतांची मराठी बोलणारी कुटुंबे राहतात. त्यांच्या परस्परव्यवहाराची भाषा साहजिकच हिंदी किंवा प्रमाण मराठी होते. शेवटी विवाहाचे वर्तुळ रुंदावते आणि घरातही बोली ही दोघांची सामाईक भाषा राहत नाही. वसईत हे तिन्ही आधार जवळजवळ एकाच काळात ढिले झाले आहेत. पूर्वीच्या कोणत्याही सत्तांतरात तसे घडले नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. जमीन गेली म्हणजे बोली जाते असे मानले, तर वारल्यांचे काय? ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या उत्तर भागातील वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकातच सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध झालेला उठाव हा त्याचाच परिणाम. तरीही वारली बोली टिकून राहिली. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यामुळे मूळ विधान अधिक नेमके करता येते. वारल्यांची मालकी गेली. पाडा गेला नाही. ते दुसऱ्याच्या शेतावर राबले, परंतु एकत्र राहिले. तेव्हा बोलीचा खरा आधार मालकी हा नसून वस्तीची सलगता हा आहे. कोर्लईचे ख्रिस्ती, डोंगरातील वारली आणि १७३९ नंतरचे वसईचे बागायतदार या तिन्ही उदाहरणांतून हीच एक गोष्ट सिद्ध होते. आणि १९९० नंतरच्या वसईतून तिचीच उलट बाजू दिसते.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ अभ्यासकांच्या दृष्टीने स्पष्ट आहे. जनगणनेत कादोडी आणि वाडवळी यांची गणना मराठीच्या शीर्षाखाली होते. त्यामुळे भाषकांच्या संख्येतील घट कोणत्याही तक्त्यात दिसून येणार नाही. ती दिसेल ती केवळ शब्दसंग्रहात, आणि तोही मिळवावा लागेल तो वाडीत, मिठागरात आणि कोळीवाड्यात काम केलेल्या पिढीकडून. कादोडीत आता लेखन होऊ लागले आहे आणि गाणी ध्वनिमुद्रित होत आहेत. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु गाण्यात बोलीचा उच्चार आणि जिव्हाळा टिकतो. रहाटाच्या पंधरा भागांची नावे गाण्यात येतीलच असे नाही. म्हणून व्यवसायवार शब्दसंग्रह, बावखलांसह स्थळनामांची नोंद आणि दोन्ही धर्मांतील भाषकांच्या उच्चारांचे तुलनात्मक ध्वनिमुद्रण ही तीन कामे प्रथम हाती घेतली पाहिजेत. त्यांतील दुसरे काम तर वर्षभराच्या आतही पुरे करता येण्याजोगे आहे. कारण प्रत्येक बावखलाचे नाव आजही गावातील कोणा ना कोणा वृद्धाच्या तोंडी आहे.

वसईच्या किल्ल्याच्या तटावर आज वड-पिंपळ उगवले आहेत. पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, कंपनीही गेली. या तिन्ही सत्तांच्या काळात शेजारच्या गावांतील बोली चालूच राहिली. तिला सत्ता बुडवू शकली नाही याचे कारण ती सत्तेवर अवलंबून नव्हती. ती ज्या वस्तीवर अवलंबून होती तिचे रूप आता बदलत आहे. हा बदल थोपविणे भाषाशास्त्राच्या आवाक्यातील काम नव्हे. परंतु तो होत असताना काय होते आणि काय गेले याची विश्वसनीय नोंद ठेवणे हे निःसंशय त्याचे काम आहे.